कलेवर पोट चालवताना मनाचं काय करायचं?

रेघोट्या:
हा धागा काढावा की नाही, असा विचार बरेच दिवस चालू होता. विषय भारदस्त नाही, अगदी रोजच्या कामाचा आहे. मी पुस्तकांसाठी, मासिकांसाठी चित्रं काढते, फ्रीलान्स. काम मिळतं, पैसे उशिरा का होईना येतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, हिला काय धाड भरलीय!

त्रास असा, की ‘हा रंग जरा वेगळा करता येईल का’ एवढा साधा मेल आला तरी माझा दिवस जातो. ते रंगाबद्दल बोलतायत हे डोक्याला कळतं, आतून मात्र ‘तुला जमत नाही’ एवढंच ऐकू येतं. मोठं काम हातावेगळं झालं की आनंद व्हायच्या ऐवजी रिकामं रिकामं वाटतं आणि पुढचं काम सुरू होईपर्यंत नुसती चिडचिड. स्वतःसाठी चित्र काढणं तर कधी बंद पडलं तेही आठवत नाही. वही उघडली की पहिला विचार येतो, हे कुठे खपेल?

‘सकारात्मक राहा’, ‘ध्यान करा’, ‘लोकांकडे लक्ष देऊ नका’ हे सल्ले मिळून झालेले आहेत, कृपया पुन्हा देऊ नका. ज्यांचं घर लिहिण्यावर, गाण्यावर, नाटकावर, डिझाइनवर चालतं त्यांनी प्रत्यक्ष काय केलं ते वाचायचंय. ज्याचा उपयोग झाला नाही तेही सांगा.

मधलीसुट्टी:
वाचतोय. लिहिण्याएवढं धैर्य अजून गोळा झालेलं नाही.

टाकबोरू:
मी साभार परतीच्या जमान्यापासून लिहितोय. तेव्हा नकार यायला निदान टपालाचा वेळ लागायचा, आता तो आपण डोळे चोळत असतानाच मोबाइलवर हजर असतो.

दुरुस्त्यांचं सांगतो. आलेला मेल त्या दिवशी फक्त वाचायचा. उत्तर दुसऱ्या दिवशी. उत्तर देण्याआधी त्यातलं एकेक वाक्य तपासायचं: हे मजकुराबद्दल आहे, समोरच्याच्या आवडीनिवडीबद्दल आहे, की त्याला त्याच्या साहेबाची वाटणारी भीती आहे? तिसऱ्या जातीची वाक्यं किती निघतात ते बघा एकदा. मजकुराबद्दलचं असेल ते मुकाट्याने करून टाकायचं. आवडीबद्दल वाद घालायला हरकत नाही. आणि भीतीवर एकच प्रश्न: ‘यातून वाचकापर्यंत नेमकं काय पोचायला हवंय?’ या प्रश्नाने बोलणं माझ्यावरून उठून कामावर जाऊन बसतं.

निंदकाचं घर शेजारी असावं म्हणतात, ते खरंच. पण शेजारी, आपल्या घरात नव्हे. माझं लिखाण छापायला जाण्याआधी दोघंजण वाचतात. त्या दोघांचं बोलणं मी मनाला लावून घेतो, बाकीच्यांचं फायलीला लावतो.

मधला_सा:
टाकबोरूंना मम.

काम संपल्यावरच्या रिकामपणाबद्दल. आम्हा गाणाऱ्यांना ते मैफिलीच्या रात्रीच गाठतं. टाळ्या वाजलेल्या असतात, लोक भेटून गेलेले असतात आणि गाडीत बसल्यावर एकदम वाटतं, संपलं सगळं. मी याला आता मनाचा कौल समजत नाही. आठवडाभर ताणून धरलेलं शरीर सैल पडतंय, एवढंच समजते. दुसऱ्या दिवशी कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, रेकॉर्डिंग ऐकायचं नाही. रियाज मात्र चुकवायचा नाही, पण तो फक्त खर्जाचा. ज्यात चांगलं-वाईट ठरवण्यासारखं काही नसतं असं काम हाताशी असावं. चित्रकारांकडे याच्या तोडीचं काय असतं?

रच्याकने, राखमानिनोव या रशियन संगीतकाराची हकीकत बऱ्याच जणांना माहीत असेल. १८९७ मध्ये त्याची पहिली सिंफनी पीटर्सबर्गला वाजली आणि दणकून आपटली. तालमी पुरेशा झालेल्या नव्हत्या, त्यात सेझार क्युई नावाच्या संगीतकार-समीक्षकाने जहरी लिहिलं. राखमानिनोव तेव्हा तेवीस वर्षांचा. पुढची सुमारे तीन वर्षं त्याच्या हातून मोठी रचना झाली नाही. १९०० मध्ये तो निकोलाय डाल या डॉक्टरांकडे उपचारांसाठी गेला आणि त्यानंतर पूर्ण झालेला दुसरा पियानो कॉन्चेर्टो त्याने त्या डॉक्टरांनाच अर्पण केला.

लोक यातला डॉक्टरांचा भाग सांगतात. मला मधला भाग जास्त कामाचा वाटतो. रचना सुचत नव्हत्या तेव्हा त्याने मॉस्कोच्या एका खाजगी ऑपेरा मंडळीत वाद्यवृंद चालवायची नोकरी धरली. म्हणजे संगीतातच राहिला, पण दुखऱ्या जागेवर रोज बोट ठेवत बसला नाही.

फकीर_२:
थोडं कडू लिहितो, राग मानू नये. कलाकाराला दुःख नको, अस्वस्थता नको, मग कला यायची कुठून? व्हॅन गॉग सुखात असता तर ती चित्रं निघाली असती का? हल्ली प्रत्येक कळेवर गोळी हवी असते लोकांना.

कात्री:
आला फकीर. बसा मंडळी.

अर्धविराम:
मी समुपदेशक आहे आणि माझ्याकडे कलावंत बरेच येतात. फकीर, तुमच्यावर रागावत नाही, पण याच समजुतीपायी लोक डॉक्टरकडे जायला वर्षानुवर्षं लावतात, म्हणून सविस्तर लिहिते.

व्हॅन गॉग फ्रान्समधल्या सेंट-रेमीच्या मनोरुग्णांच्या इस्पितळात मे १८८९ ते मे १८९० असं वर्षभर होता. त्या वर्षात त्याने दीडशेच्या आसपास चित्रं केली. ती बहुतेक दोन झटक्यांच्या मधल्या काळातली आहेत. झटका आला की आठवडेच्या आठवडे काम ठप्प व्हायचं आणि त्याची त्याला धास्ती होती. आजार काम हिरावून घेतो, अशीच त्याची तक्रार होती, आजारामुळे काम होतं अशी नव्हे. आणि त्याच्या मागे थिओ होता, नियमित पैसे आणि रंग पाठवणारा. दुःखाचा एवढा गौरव करताना त्या भावाच्या पाकिटांचा आपल्याला विसर कसा पडतो?

संशोधनाचं म्हणाल तर १९८७ मध्ये नॅन्सी अँड्रियासन यांनी ३० लेखक आणि ३० इतर लोक यांची तुलना केली. लेखकांमध्ये ८० टक्क्यांना आणि इतरांमध्ये ३० टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी मनःस्थितीचा विकार (नैराश्य, उन्माद यांसारखा) झालेला आढळला. हा आकडा सगळीकडे फिरतो. पण नमुना केवढासा, सगळे लेखक एकाच कार्यशाळेतले आणि मुलाखती त्यांनी स्वतःच घेतलेल्या. पुढे स्वीडनमध्ये दहा लाखांहून अधिक रुग्णांच्या सरकारी नोंदी तपासल्या गेल्या, तो अभ्यास २०१३ मध्ये आला. त्यात एकंदर सर्जनशील व्यवसायांमध्ये मनोविकार जास्त दिसले नाहीत, अपवाद द्विध्रुवी विकाराचा (बायपोलर, ज्यात मन उन्माद आणि नैराश्य या दोन टोकांना जातं). लेखकांमध्ये मात्र नैराश्य, चिंताविकार आणि आत्महत्येचं प्रमाणही जास्त दिसलं. तेव्हा टाकबोरू, तुम्ही जरा स्वतःला जपा.

टाकबोरू:
@अर्धविराम, जपतोय हो. दोघं वाचक त्यासाठीच ठेवलेत.

फकीर_२:
थिओचा मुद्दा मान्य. अस्वस्थतेशिवाय कला नाही हे अजूनही म्हणतो, पण अस्वस्थता आणि आजार एक नव्हेत हे कबूल.

रेघोट्या:
सगळ्यांचे आभार. मधला_सा, ‘चांगलं-वाईट ठरवण्यासारखं काही नसतं असं काम’ यावर विचार करतेय. जुने ब्रश धुऊन, कागद कापून ठेवणं कदाचित.

अर्धविराम, तुम्ही आलाच आहात तर विचारते. स्वतःसाठी काढणं का मेलं असेल? वेळ नाही हे कारण खोटं आहे, वेळ असतो.

अर्धविराम:
तुम्हाला भेटल्याशिवाय तुमच्याबद्दल काही ठामपणे सांगणं बरोबर नाही. पण एक जुना प्रयोग इथे चपखल बसतो. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवाडीतल्या मुलांवर तो केला. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला आवडत होतं, अशीच मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलं तर बक्षीस म्हणून प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच पेनं वर्गात मोकळी ठेवली, तेव्हा ज्यांना बक्षिसाचं आधी सांगितलं होतं ती मुलं त्या पेनांकडे बाकीच्यांपेक्षा कमी वळली.

यात लक्षात घ्यायचं ते हे, की अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड कमी झाली नव्हती. म्हणजे बक्षीस वाईट नाही. ‘हे कशाच्या तरी बदल्यात करतोय’ ही जाणीव आधीच डोक्यात शिरली की गडबड होते. तुमचा ‘हे कुठे खपेल’ हा प्रश्न नेमका तोच आहे. वही उघडण्याआधी तो येऊन बसलेला असतो.

टेरेसा अमाबिले यांनी १९८५ मध्ये लिहिणाऱ्या तरुणांवर असंच काहीसं पाहिलं. एका गटाला लिहिण्यामागची बाहेरची कारणं, म्हणजे पैसा, नाव वगैरे, यांचा काही मिनिटं विचार करायला लावला आणि मग कविता लिहून घेतली. त्यांच्या कविता परीक्षकांना कमी सर्जनशील वाटल्या. काही मिनिटांच्या विचाराने एवढा फरक पडत असेल, तर जो दिवसभर बिलं आणि कोटेशनं करतो त्याचं काय होत असेल?

मी येणाऱ्यांना सुचवते ते असं: खपणारच नाही अशा सामग्रीत काम करा. कमिशनचं काम टॅबवर होत असेल तर स्वतःचं खडूने, वर्तमानपत्राच्या कागदावर. फोटो काढायचा नाही, कुठे टाकायचं नाही. सुरुवातीला फार कंटाळवाणं वाटतं. काहींना यातून काहीच मिळत नाही, हेही सांगून ठेवते.

कात्री:
इथे मी जरा आडवी जाते. बालवाडीतल्या पोरांवरचा प्रयोग घर चालवणाऱ्या माणसाला कसा लावायचा? मी फिल्म एडिटर आहे. मला तर मुदत आणि पैसे असले तरच सुचतं. मोकळा वेळ दिला तर मी खिडक्या पुसत बसते.

आपल्या त्रासाला ‘मन’ असं नाव देऊन आपण समोरच्याला फार स्वस्तात सोडतो. निम्मी चिंता करारातून येते. किती दुरुस्त्या मोफत, त्यानंतर दर काय, अर्धे पैसे आधी, काम मध्येच रद्द झालं तर किती, पैसे किती दिवसांत. हे लिहून घेतल्यापासून माझ्याकडे येणारे ‘जरा बदलता येईल का’ हे मेलच कमी झालेत. तिसऱ्या दुरुस्तीला पैसे पडतात म्हटल्यावर लोकांना दुसरीच आवडायला लागते. रेघोट्या, तुमच्या करारात दुरुस्त्यांचा आकडा आहे का?

दुसरं, कलेवरच पोट चाललं पाहिजे हा हट्ट कुणी घातला आपल्याला? काफ्का कामगारांच्या अपघात विम्याच्या संस्थेत नोकरी करायचा. एलियट १९१७ पासून १९२५ पर्यंत लॉइड्स बँकेत होता. नोकरी केली म्हणून त्यांना कुणी कमी लेखक म्हणत नाही. महिन्याचा ठरलेला पगार हे मनासाठी घेतलेलं सगळ्यात परिणामकारक औषध असू शकतं, असं माझं ठाम मत आहे.

रेघोट्या:
कात्री, आकडा नाही. ‘समाधान होईपर्यंत’ असं लिहिलेलं आहे.

कात्री:
अहो!! कुणाचं समाधान?

मधलीसुट्टी:
हसू आलं, पण माझ्याही करारात हेच आहे.

टाकबोरू:
कात्रीबाईंशी बव्हंशी सहमत, पण नोकरीचं इतकं सोपं नाही. काफ्काला ती नोकरी जाचत होती, कारण लिहायला उरायची ती रात्र. पगाराने भाड्याची चिंता जाते आणि वेळेची येते. ज्याला कोणती चिंता कमी बोचते त्याने ती घ्यावी.

विंगेतून:
मी नट आहे. तुम्हा लोकांचा हेवा वाटतो. लेखकाचं हस्तलिखित परत येतं, आमचा चेहरा परत येतो. ‘तुम्ही चांगलं केलंत, पण आम्हाला थोडं वेगळं दिसणारं हवं होतं.’ हे वेगळं दिसणं आणायचं कुठून?

ऑडिशनला बाहेरच्या खुर्च्यांवर आपल्यासारखीच दिसणारी वीस माणसं बसलेली असतात. त्यातल्या एकाला काम मिळणार. बाकीच्यांमध्ये दोष असतोच असं नाही, कधी उंची आड येते, कधी समोरच्या नटीचं वय, कधी निर्मात्याचा भाचा. कारण कधीच कळत नाही आणि न कळलेली कारणं मन स्वतःच्या खात्यावर लिहीत जातं. मला हे थांबवायला एक गोष्ट उपयोगी पडली. बाहेर पडलो की मी काय केलं तेवढं दोन ओळींत लिहायचं: पाठांतर पक्कं होतं, दुसऱ्या वाक्याला घाई झाली, शेवटचा थांबा जमला. मग ते काम माझ्यापुरतं संपलं. फोन आला तर नवं काम म्हणून घ्यायचा.

उपयोग न झालेली गोष्ट: ‘नकार वैयक्तिक घेऊ नका.’ आमच्या धंद्यात तो वैयक्तिकच असतो. खोटं कशाला बोला.

आणि काम नसलेल्या महिन्यांत एकटं राहायचं नाही. आम्ही काहीजण आठवड्यातून एकदा जमून नाटकं वाचतो. प्रेक्षक नाही, प्रयोग नाही. त्या दिवशी मी नट असतो, उरलेले दिवस काम शोधणारा.

चिमटा:
‘निर्मात्याचा भाचा’ ही कायमस्वरूपी भूमिका आहे.

रेघोट्या:
विंगेतून, ‘मन स्वतःच्या खात्यावर लिहीत जातं’ हे थेट पोचलं.

अजून एक सांगते, म्हणजे चित्र पूर्ण होईल. मध्यंतरी एका पुस्तकाच्या चित्रांना पुरस्कार मिळाला. आनंद तासभर टिकला. मग सुरू झालं, की परीक्षकांना यंदा दुसरं काही मिळालं नसेल आणि पुढच्या पुस्तकात सगळ्यांना कळेल. नकाराने खचणं समजू शकते. कौतुकाने खचणारी मी एकटीच आहे का?

मधला_सा:
एकटी? रांगेत उभ्या राहा.

अर्धविराम:
पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये कर्तबगार स्त्रियांबरोबरच्या कामातून या अनुभवाबद्दल लिहिलं. पदव्या, मानसन्मान सगळं असूनही ‘मी लोकांना फसवतेय आणि एक दिवस पकडली जाईन’ असं त्यांना वाटत राहायचं. त्या दोघींनी याला आजार म्हटलेलं नाही, हे महत्त्वाचं. असं वाटणाऱ्यांचं एक चक्र असतं. काम आलं की भीती, मग एक तर बेसुमार तयारी किंवा शेवटच्या क्षणापर्यंत टाळाटाळ. काम चांगलं झालं तर श्रेय मेहनतीला किंवा नशिबाला जातं. गुण आहेत हे मात्र कधीच सिद्ध होत नाही. त्यामुळे पुरस्काराने भूक भागत नाही, उलट पुढची परीक्षा अवघड झाल्यासारखं वाटतं.

टाकबोरू:
आणि हे वयाने जातं असंही समजू नका. फ्रेंच चित्रकार मोने १९०८ मध्ये सत्तरीकडे झुकलेला होता, नावाजलेला होता. कमळांच्या चित्रांचं प्रदर्शन तोंडावर आलं असताना त्याने निदान पंधरा चित्रं स्वतःच्या हाताने नष्ट केली. प्रदर्शन पुढे ढकलावं लागलं, ते १९०९ मध्ये झालं आणि चांगलं गाजलं. काहीजण हे वाचून म्हणतात, बघा, केवढा कठोर कलावंत! मला आपलं वाटतं, त्या दिवशी कुणीतरी त्याच्या हातातून सुरी काढून घ्यायला हवी होती. शंका येऊ द्यावी, पण शंकेच्या हातात हत्यार देऊ नये. मी रात्री नऊनंतर एकही परिच्छेद खोडत नाही.

मधलीसुट्टी:
आता लिहितो. मी गेम्ससाठी व्यक्तिरेखा डिझाइन करतो. गेले काही महिने कामाचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. टीममधल्या लोकांबद्दल तुच्छता वाटते, जी आधी कधी नव्हती. आणि जे करतोय त्याला काही अर्थ नाही असं वाटतं. सुट्टीच्या दिवशी मात्र बऱ्यापैकी ठीक असतो. हा बर्नआउट, की डिप्रेशन, की नुसता आळस?

अर्धविराम:
मधलीसुट्टी, लिहिलंत हे बरं केलंत. आळस तर वाटत नाही, आळशी माणूस स्वतःला असे प्रश्न विचारत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या नक्की केली. तो आजार म्हणून नव्हे, कामाच्या जागी न हाताळल्या गेलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हणून नोंदला आहे. त्याची लक्षणं तुम्ही जवळपास क्रमाने लिहिलीत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाविषयी तुटलेपण किंवा तुच्छता, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. ताण कामात आहे तोवर उपायही कामातच शोधायला लागतात. नुसती आठ दिवसांची रजा घेऊन त्याच टेबलाशी परत बसलात तर फार फरक पडत नाही.

नैराश्य सुट्टीलाही सोडत नाही. आवडत्या गोष्टीतही रस वाटत नाही, झोप आणि भूक बिघडते, अपराधी वाटत राहतं. हे दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज चालू असेल तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. दोन्ही एकत्रही असू शकतं, म्हणून मी इथून निदान करणार नाही, तुम्हीही स्वतःचं करू नका. आणि ‘मी नसलेलाच बरा’ अशा दिशेने विचार जात असतील, तर धाग्यावर लिहीत बसायचं नाही. जवळच्या माणसाला त्याच क्षणी सांगायचं आणि डॉक्टर गाठायचे. हे सगळ्यांसाठीच लिहिते आहे.

गोळ्यांनी कला मरते का, हा पुढचा प्रश्न येतोच, म्हणून आधीच: काही औषधांनी काहींना सुस्ती किंवा बधिरपणा येतो. तो डॉक्टरांना सांगायचा असतो. औषध, मात्रा बदलता येते. मनाने बंद करायचं नाही.

मधलीसुट्टी:
आभारी आहे. तसे विचार नाहीत. वेळ घेतो डॉक्टरांची. अडचण वेगळीच आहे. नोकरीबरोबर एक बाहेरचं काम घेतलंय, त्याची मुदत जवळ आलीय. क्लायंटला काय सांगू? तब्येतीचं खरं सांगितलं तर पुढचं काम जाईल अशी भीती.

विंगेतून:
काय झालंय ते सांगायची गरज नाही. पाय मोडला असता तर एक्सरे पाठवला असतास का?

कात्री:
आत्ताच, मुदतीच्या आधी कळव. मुदत उलटल्यावर सगळीच कारणं खोटी वाटतात. मजकूर एवढाच: ‘तब्येतीच्या कारणाने ठरलेल्या तारखेला पूर्ण काम देता येणार नाही. तयार असलेला भाग सोबत पाठवतो आहे, उरलेला अमुक तारखेला देईन. ही तारीख चालत नसेल तर दुसऱ्या कुणाला काम सोपवायला माझी हरकत नाही, फायली लगेच देतो.’ माफीचं एक वाक्य पुरे, तीन नकोत. तीन माफ्या वाचल्या की समोरचा घाबरतो.

नवी तारीख देताना डॉक्टरकडे जायचे दिवस आणि काहीच न होणारे दिवस धरून दे. वाटते त्याच्या दुप्पट मुदत माग. पहिल्यांदा मुदत वाढवून मागणाऱ्याला कुणी फारसं लक्षात ठेवत नाही, दुसऱ्यांदा मागणाऱ्याला ठेवतात. आणि ते दुसऱ्याला काम देतो म्हणाले तर झालेल्या कामाचं बिल त्याच दिवशी पाठव.